चाचपणी

४ तारीख, रविवार

ही वही ताईने मी आलो त्याच दिवशी हातात ठेवली, त्याला आज तीन आठवडे झाले. रोज चार ओळी लिही, म्हणाली, डोकं जागेवर राहतं. मी रोज उद्यावर ढकललं. पहिल्या पानावर नुसती माझी सही आहे, चार वेळा, चार तऱ्हेची, आणि एक घोडा, जो गाढवावर गेलाय. आज धुलाईला सुट्टी, ताई पाय उशीवर टाकून पडलीय, भावोजी नळ दुरुस्त करतायत आणि मला जवळ फिरकू देत नाहीत, तेव्हा बसलो एकदाचा.

तर मी आलो आणि मजेत आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण खोली स्वतंत्र. म्हणजे बाळाची आहे, बाळ येईपर्यंत माझी. भिंती पिवळ्या. पाळणा अजून खोक्यात आहे आणि त्या खोक्यावर माझे कपडे. पाळणा जोडायचं काम माझ्याकडे आलंय. भावोजी म्हणाले, बघू या साहेब किती दिवस लावतात. ताई म्हणाली, याच्या पायाला भिंगरी आहे, पाळण्याचा दुसरा स्क्रू बसायच्या आत हा पुढच्या गावाला पोचलेला असेल. दोन वर्षांत मी चार नोकऱ्या सोडल्या हे ती शेजाऱ्यांना असं सांगते, जशी काही मी चार मेडलं आणलीत.

धुलाईतली नोकरी तिच्याच ओळखीने लागली. इस्पितळांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, हॉटेलांची टेबलावरची कापडं. मी निवडणीच्या टेबलावर. डाग बघायचा, ढीग ठरवायचा. इस्त्रीवाली मावशी तिथे तीस वर्षं आहे. तिने पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं, तेलकट डागाला गरम पाणी, रक्ताला कायम गार. रक्त गरम पाण्यात घातलंस की शिजतं, मग ते कपड्याचंच होऊन बसतं. मला हे काम चक्क आवडतंय. चादरीवरून माणसाचा अंदाज लागतो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

लिहायचं होतं ते राहिलंच. हजेरीच्या यंत्राशेजारी एक कागद लागलाय. चाकूपासून बचाव. खरा, सिनेमातला नाही. तीन आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी साडेसहा. जागा: जुना पोहण्याचा तलाव. मी नाव घातलं. खरं सांगायचं तर चाकूसाठी नाही, रिकामा तलाव आतून कसा दिसतो ते बघायला. ताईला सांगितलं तर म्हणाली, घाल, पण एक तरी गोष्ट आयुष्यात शेवटपर्यंत कर.

५ तारीख, सोमवार

रिकामा तलाव निळा दिसतो, पाणी असताना दिसतो त्याहून जास्त. भिंतीवर खोलीचे आकडे अजून आहेत. उथळ टोकाला शिडी, आणि आमचा वर्ग तळाशी. बोललं की आवाज दोनदा येतो.

आम्ही तिघंच. एक बँकवाले काका, निवृत्तीला आलेले, पँट छातीपर्यंत. एक कुरिअरवाली, माझ्याच वयाची, जिला पाच मिनिटांत सगळ्यांची टोपणनावं पाडायची सवय. मी भटक्या झालो. आणि मास्तर. मला वाटलं होतं कुणी पैलवान असेल. निघाला चष्म्याला दोरी लावलेला बुटका माणूस, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारत असेल असा. बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर होता. भांडायला शिकवणारे पुष्कळ आहेत, म्हणाला, मी भांडणानंतरचं बघितलंय, म्हणून मी शिकवतो.

आधी त्याने विचारलं, समोर चाकू आला तर काय कराल ते करून दाखवा. बँकवाल्या काकांनी लाथ मारली, ती हवेत गेली आणि काका फरशीवर. कुरिअरवालीने त्यांना हात देऊन उठवलं आणि म्हणाली, काका, चाकूवाला हसून मेला, आपण जिंकलो.

मास्तरही हसला. मग म्हणाला, पळता येत असेल तर पळा. नसेल येत तर हात मध्ये घाला, आणि बाहेर पडा. लागणार आहेच. लागणार नाही असं जो शिकवतो त्याच्याकडून आधी पैसे परत घ्या.

९ तारीख, शुक्रवार

आज वर्गाची खरी रीत कळली. लाकडी चाकू, धारेला लाल लिपस्टिक फासलेली. आमच्या अंगात पांढरे सदरे. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने शिडीपर्यंत पोचून तलावाबाहेर पडायचं. तलावात असताना अंगाकडे बघायचं नाही, कितीही लागो. बघितलं की माणूस थांबतो, थांबला की आणखी चार बसतात. वर आलं की चाचपणी. दोन्ही तळवे मानेवरून, काखेतून, बरगड्यांवरून, पोट, कंबर, मांड्या. प्रत्येक फेरीनंतर तळवे उलटे करून बघायचे. पाठ जोडीदार चाचपतो. कारण मास्तर सांगतो, चाकू लागल्याचं कळतच नाही. बहुतेकांना वाटतं कुणी ढोसलं.

मला अकरा खुणा, त्यातल्या तीन अशा की मास्तर नुसता मान हलवत राहिला. कुरिअरवालीला चारच. ती म्हणते तिला गल्लीतल्या कुत्र्यांनी तयार केलंय.

घरी आलो तर ताईने सदरा बघितला. लिपस्टिक, तीही इतकी, म्हणाली, एकीची दिसत नाही. भावोजींनी तिच्या पाठीमागून मला सलाम ठोकला. लिपस्टिक तेलकट, गरम पाण्यात साबण लावला की जाते. गेली.

१४ तारीख, बुधवार

मास्तरने आज एक गोष्ट सांगितली. बाजारात एका माणसाला धक्का लागला. तो घरी चालत गेला, वाटेत फळं घेतली, शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलला, खुर्चीत बसला, एक बूट काढला. बायको म्हणाली, अहो, पाठीला काय लागलंय? त्याने हात मागे नेला. दुसरा बूट पायातच राहिला. मास्तर म्हणाला, वैद्यकशास्त्रात हे बसत नाही, मला ठाऊक आहे, पण मी असे सहा मोजलेत. कळेपर्यंत चालतात.

कुरिअरवालीने विचारलं, कधी कळलंच नाही तर? मास्तरने चष्मा पुसला आणि पुढची जोडी लावली.

दुपारी घरून फोन. ताईचा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणतात दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात हलवा, बाळंतपण तिथेच. भावोजी सोबत राहणार. मी पिशव्या खाली नेल्या. ताईने गाडीत बसता बसता माझं मनगट धरलं आणि सांगितलं, मी परत येईपर्यंत इथून हलायचं नाही. बाळाला घेऊन मला रिकाम्या घरात शिरायचं नाही. दार आतून उघडायला माणूस पाहिजे.

आई गेली त्या वेळेला मी नव्हतो. तिसऱ्या गावात होतो, फोन बंद होता. ताई ते कधी बोलत नाही. आजही बोलली नाही. मी हो म्हटलं.

पाळण्याचं खोकं उघडलं. स्क्रू बावीस आहेत.

१६ तारीख, शुक्रवार

सोमवारपासून शेवटचा आठवडा, त्याला मास्तर खुला आठवडा म्हणतो. आम्ही तिघांनी एकेक लिपस्टिक खिशात ठेवायची आणि एकमेकांना बाहेर गाठायचं. रस्त्यात, बसमध्ये, कामावर. नुसती लिपस्टिक, लाकूडसुद्धा नाही. खूण ओढायची आणि चालू पडायचं. ज्याला लागली त्याने मागे वळायचं नाही, थांबायचं नाही, आधी आत कुठेतरी शिरायचं आणि मग चाचपणी. वर्गात येऊन कोणी कुणाला गाठलं ते सांगायचं.

बँकवाल्या काकांनी आजच धमकी दिली की ते मला धुलाईच्या फाटकातच आडवा करणार. पाळण्याचे दोन पाय बसले.

२० तारीख, मंगळवार

सोमवारी मी काकांना गाठलं. बँकेत रांगेत उभा राहिलो, अर्ज पुढे केला आणि त्यांच्या मनगटावर लाल रेघ. काका इतक्या मोठ्याने ओरडले की पहारेकरी उठला.

आज माझी पाळी. सकाळी साडेआठला बसथांब्यावर गर्दी, डावीकडून कुणीतरी कोपराने ढोसावं तसं बरगडीखाली बसलं. चांगलं जोरात. मी लगेच ओळखलं. न वळता म्हणालो, लागला, लागला, शाबास! बाजूच्या बाईने माझ्याकडे बघितलं. मी बसमध्ये चढलो. नियम म्हणजे नियम.

आत शिरल्यावर चाचपणी करायची होती, पण धुलाईत इस्पितळाची गाडी आधीच उभी होती, चाळीस पोती, मी तसाच अ‍ॅप्रन चढवला आणि विसरलो. मावशी दुपारी म्हणाली, चेहरा उतरलाय, डबा खा. भूक नव्हती.

घरी येऊन केली. डाव्या तळव्याला लाल, भरपूर. एक पूर्ण कांडी संपवलीय पठ्ठ्याने. सदरा काढला, आतल्या बनियनलाही लागलेलं. बनियन काढणार इतक्यात ताईचा फोन. अर्धा तास बोललो. उद्या-परवा होईल म्हणतायत. तिने पाळणा विचारला. मग फोन ठेवून पाळणाच घेऊन बसलो. सदरा कढत पाण्यात भिजवलाय.

बनियन राहिलं. वरून दुसरा सदरा घातलाय. थंडी वाजतेय.

२१ तारीख, बुधवार

वर्गात हिशेब झाला. मी म्हटलं, काल बसथांब्यावर मला ज्याने गाठलं त्याला माझा दंडवत. काका म्हणाले मी नाही, मी दिवसभर मुख्य कचेरीत होतो. कुरिअरवाली म्हणाली, भटक्या, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला होते, आणि मी गाठलं असतं तर तुझ्या कानात सांगितलं असतं. मास्तर वर्गाबाहेर कुणाला हात लावत नाही.

चौथं कुणी नाहीच.

मास्तरने विचारलं, कुठे लागलं? मी दाखवलं. चाचपणी केलीस? म्हटलं, केली, लाल होतं. कातडी बघितलीस? म्हटलं, फोन आला. कुरिअरवाली हसायला लागली आणि मास्तरकडे बघून थांबली. तो म्हणाला, जरा थांब, इतरांना जाऊ दे. पण माझी बस होती.

सदऱ्याचा डाग गेला नव्हता, म्हणून तो धुलाईत नेला. मावशीने उजेडात धरला, वास घेतला. विचारलं, कुणाचा? म्हटलं, माझा, लिपस्टिक आहे, गरम पाण्यात घातला होता. ती म्हणाली, तीस वर्षं मी हेच करते, मला नको शिकवूस. ही लिपस्टिक नाही. हे शिजलंय. मग तिने डागाच्या मधोमध बोट घातलं आणि ते पलीकडून बाहेर आलं. बोटाच्या रुंदीची चीर, कडा सरळ.

खिळ्याला अडकला असेल, म्हटलं.

मावशी सदऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात जा, म्हणाली. आत्ता.

अॅप्रन नाही काढला. डावं कोपर अंगाशी धरून काम केलं. दुखत नाही. मुद्दाम सांगतो, काहीही दुखत नाही.

२२ तारीख, गुरुवार

मुलगी झाली. पहाटे पाचला. ताई बरी आहे. भावोजी फोनवर रडत होते आणि मध्येच नळ गळतोय का विचारत होते. मंगळवारी घरी सोडतील.

मला आनंद झाला असणार. तो कुठे होतो ते आठवलं नाही. छातीवर हात ठेवून बघावा म्हटलं, मग नको म्हटलं.

धुलाईत इस्त्रीच्या तव्यावर हात टेकला. वास आला म्हणून कळलं. मावशी किंचाळली. कातडी पांढरी झाली होती, फोड नाही, लाली नाही. तिने मला स्वतः कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन बसवलं आणि कामावर परत गेली. कंपाउंडरने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. पुन्हा भरली. तिसऱ्यांदा म्हणाला, यंत्र बिघडलंय, दुसरं आणतो, तोवर सदरा काढून ठेवा.

तो आत गेला. मी निघून आलो.

बावीसपैकी चौदा स्क्रू झाले.

२३ तारीख, शुक्रवार

शेवटचा वर्ग. तलावात मास्तर एकटाच बसला होता, उथळ टोकाला, पायरीवर. इतर दोघांना त्याने येऊ नका म्हणून कळवलं होतं. मला समोर बसवलं. भाजलेल्या हाताकडे बघितलं.

मग सांगितलं. नोकरीच्या सोळाव्या वर्षी एक तरुण त्याला रस्त्यात भेटला, धक्का लागला म्हणत होता, दोन दिवस झाले म्हणत होता, जेवण जात नाही म्हणत होता. हसत होता. मास्तरने त्याचा सदरा वर केला आणि म्हणाला, अरे, हे बघ. त्याने खाली बघितलं. वाक्य अर्धं होतं, ते अर्धंच राहिलं. दोन दिवसांपूर्वीच गेलेला होता तो, अंगावरून कळत होतं. डॉक्टरांनी तारीख लिहिली तीही दोन दिवस आधीची. मास्तर म्हणाला, त्यानंतर मी कुणाचा सदरा वर केला नाही. तुझाही करणार नाही. इस्पितळात जा म्हणणं माझं काम आहे, ते म्हणतो. तिथे पहिल्यांदा सदराच काढतात, हेही सांगतो.

मग त्याने विचारलं, तुझं काही राहिलंय का?

म्हटलं, ताई मंगळवारी येणार आहे. दार उघडायचंय.

त्याने बोटांवर मोजलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. म्हणाला, बघू नकोस. हात लावू नकोस. आरसा झाक. कुणाला जवळ घेऊ नकोस. मग शिडीपर्यंत माझ्यामागून आला. मी वर चढलो तेव्हा सवयीने दोन्ही तळवे मानेपाशी गेले. तो खालून ओरडला, अरे नको!

आवाज दोनदा आला.

२४ तारीख, शनिवार

कामावर गेलो नाही. आरशावर टॉवेल. अंघोळ नाही.

बनियन अंगाला चिकटलंय, वाकलं की ओढतं. ओढ कळते, दुखत नाही. खोलीत वास आहे. खिडकी उघडली. माश्या म्हणून परत लावली.

कुरिअरवाली आली होती. दाराबाहेरून बोलली. भटक्या, मास्तर काही सांगत नाही, तू तरी सांग, काय झालंय? म्हटलं, ताप आहे. ती म्हणाली, दार उघड, मी डॉक्टर आणते. म्हटलं, बाळाचं घर आहे, लागण नको. मग म्हणाली, त्या दिवशी हसले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

वाईट वाटलं नाही. काही वाटत नाही. हे लिहितानाही हात दुसऱ्याचा असावा तसा दिसतो, पण अक्षर माझंच.

एकवीस स्क्रू. बाविसावा मिळत नाही. पलंगाखाली असेल. वाकायला लागेल.

एक मनात येतं — आत्ता बघून टाकावं. एक क्षण. पूर्वी मी असंच करायचो, जड झालं की उठायचं आणि निघायचं. हेही तसंच. सोपं आहे.

ताईने मनगट धरलं होतं ते —

नाही. मंगळवार.

२५ तारीख, रविवार

सकाळ. उजेड आहे.

पाय गार, मग गुडघे. बसून लिहितोय. उठलो तर परत बसता येईल का माहीत नाही म्हणून दाराजवळ खुर्ची. इथूनच उघडेन. दोन दिवस. कडी हाताला येते.

कोपर अंगाशी. तेवढं धरून ठेवलं की —

फोन वाजतोय. आतल्या खोलीत. तिकडे जायचं नाही. वाजू दे. किती वेळा वाजला. सहा. सात.

खाली गाडी थांबली.

भावोजींचा आवाज. तिसरा मजला, सांभाळून, म्हणतायत. कुणाला —

मंगळवार नाही आज. मंगळवार म्हणाले होते. आज रविवार आहे, मी वर लिहिलंय रविवार —

ताई. ताईच. जिन्यातून ओरडतेय, लवकर सोडलं, फोन का उचलत नाहीस रे गाढवा, दार उघड, बघ कोण आलंय. बाळ रडतंय. जोरात रडतं. बरं झालं.

आहे मी. घरात आहे. या वेळेला आहे.

दुसरा मजला. ती श्वास घ्यायला थांबली. बाळाला सांगतेय, आता मामा घेईल हं तुला, पहिल्यांदा मामाच घेणार, मामा, दोन्ही हात पुढे कर —

दोन्ही. डावा काढला तर —

कडी उघडली. ती दारात —